दिव्याचा उजेड आणि स्फटिकाची वाढ



तारेचा ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज ४ तास लावला तर ३० दिवसांत ७.२ युनिट वीज लागते. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी बल्ब १.०८ युनिटमध्ये भागवतो. ही बचत कोठून येते, ते आज आपण पाहू.

जुन्या बल्बमध्ये तार तापते तेव्हा उजेड पडतो. बहुतेक वीज उष्णतेत जाते. एलईडीत तार नसते. त्यात अर्धवाहक स्फटिकाचे थर असतात. एका थरात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, तर दुसऱ्यात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा जास्त. वीज वाहू लागली की इलेक्ट्रॉन त्या जागा भरतात आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. स्फटिकात दोष असतील तर तीच ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून चांगला दिवा हवा असेल तर आधी चांगला स्फटिक वाढवावा लागतो.

डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली बनविला. पांढऱ्या उजेडासाठी मात्र निळा एलईडी हवा होता, कारण निळ्या प्रकाशावर पिवळ्या चमकद्रव्याचा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड लागते व ते सहसा नीलम स्फटिकाच्या चकतीवर वाढवितात. चकती सुमारे १००० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तीवर गॅलियमयुक्त वाफ आणि अमोनिया सोडतात. अणू थरावर थर बसत जातात. अडचण अशी की दोन्हींच्या अणूंतील अंतरात सुमारे १६ टक्के फरक आहे. एका मापाच्या विटांवर दुसऱ्या मापाच्या विटा रचल्या तर सांधे जुळत नाहीत, तसेच येथे होते.

जपानचे आकासाकी व अमानो यांनी १९८६ मध्ये कमी तापमानात आधी अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला. त्यावर स्वच्छ स्फटिक वाढला. पुढे १९९३ मध्ये नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी जगासमोर आला. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

आपल्या मुंबईतही हे काम झाले आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अर्णब भट्टाचार्य यांच्या गटाने याच वाफेच्या पद्धतीने नायट्राइडचे थर वाढवून अभ्यासले. प्रश्न अजून संपलेले नाहीत. प्रवाह वाढविला की एलईडीची कार्यक्षमता घटते. हिरवा एलईडी निळ्याच्या मागेच आहे. आणि आत तयार झालेला काही प्रकाश स्फटिकातच परावर्तित होऊन अडकतो. त्याला वाट मिळावी म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करतात.

विद्यार्थ्यांनी तुरटीचे दाट द्रावण करून त्यात दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा सोडावा. एक भांडे झटपट थंड करावे, दुसरे न हलवता सावकाश थंड होऊ द्यावे. कोणता स्फटिक स्वच्छ वाढला, ते वहीत लिहावे.

पालकांना व विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की दिवा घेताना किंमत व वॅट यांबरोबर वेष्टनावरील ल्युमेनही पाहावे. ल्युमेनला वॅटने भागून जो आकडा येतो, तीच दिव्याची खरी कार्यक्षमता होय.