गड उतरल्यावर पाय का दुखतात?

पावसाळा लागला की पालघर-मनोर रस्त्यावरील वाघोबा खिंडीत गर्दी वाढते. त्यातील काही मंडळी धबधब्यापाशी न थांबता काळदुर्गाची वाट धरतात. बोईसरकरांची पावले आसावा किल्ल्याकडे वळतात. एका दिवसात होणारे हे गड वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनाही सोपे वाटतात. चढताना दम लागतो, पण पाय फारसे कुरकुरत नाहीत. दुखणे सुरू होते ते दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी तर स्टेशनचा जिना उतरणेही नकोसे होते. ‘लॅक्टिक आम्ल साचले’ हे त्यावरचे ठरलेले निदान. ते चुकीचे आहे. हे आम्ल विश्रांतीनंतर साधारण तासाभरात रक्तातून नाहीसे होते.

खरे कारण स्नायूच्या रचनेत आहे. हाडांना जोडलेल्या ऐच्छिक स्नायूंत मायोसिनचे जाड व अ‍ॅक्टिनचे पातळ तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. मज्जातंतूतून संदेश आला की पेशीतील साठ्यामधून कॅल्शियम बाहेर पडते आणि अ‍ॅक्टिनवरील झाकलेल्या जागा मोकळ्या होतात. मायोसिनची सूक्ष्म डोकी तेथे पकड घेतात, ओढतात, सोडतात आणि पुढची जागा पकडतात. रस्सीखेचीत दोरावर हात पुढे सरकत जावेत, तसाच हा प्रकार. तंतूंची लांबी बदलत नाही, ते केवळ एकमेकांवरून सरकतात. हा सिद्धांत १९५४ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन स्वतंत्र गटांनी मांडला. दोन्हीकडे एकेक हक्सली होते, अँड्र्यू आणि ह्यू. त्यांचे आपसात नाते मात्र नव्हते.

पकड सोडण्यासाठी एटीपी हे ऊर्जाद्रव्य लागते, हा यातील विलक्षण भाग. मृत्यूनंतर ते संपते, डोकी अडकून राहतात आणि देह ताठरतो.

गड चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखूड होत शरीर वर उचलतो. विरारकडे जाणाऱ्या गाडीत उभ्याने प्रवास करताना लांबी न बदलताही तो ताणलेला राहतो. म्हणून जागचे न हलताही पाय भरून येतात. उतरताना मात्र तो ताण धरून ठेवतो आणि त्याच वेळी लांबत जातो, जणू ब्रेकचे काम करतो. या कामाला तंतू कमी लागतात, त्यामुळे प्रत्येकावरील भार वाढतो आणि काही तंतू मर्यादेपलीकडे ताणले जाऊन त्यांना सूक्ष्म इजा होते. मग सूज, डागडुजी आणि २४ ते ७२ तासांत शिगेला पोहोचणारी वेदना.

मात्र हाच स्नायू पुढच्या वेळी बराच कमी दुखतो. एका उतरणीचे हे संरक्षण काही आठवडे टिकते. त्यामुळे पहिल्याच दुखण्याला घाबरून व्यायाम सोडणारे नेमक्या चुकीच्या वेळी माघार घेतात. नियमित व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद प्रामुख्याने मज्जासंस्थेची असते. आरशातला दंड तेवढाच दिसतो. स्नायू जाड होतो तो नंतर, आणि तोही व्यायाम चालू असताना नव्हे, तर पुढील एक-दोन दिवसांत, पुरेशी प्रथिने व झोप मिळाल्यावर. तारापूरच्या कारखान्यांत पाळी बदलत राहणाऱ्यांना नेमकी झोपच कमी पडते. त्यांनी व्यायामाचे दिवस तरी लागोपाठ ठेवू नयेत. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, तेव्हा व्यायाम टाळणेही परवडणारे नाही.

सामान्य दुखण्यावर हलके चालणे उत्तम. गडावर जाण्याआधी दोन-तीन आठवडे इमारतीचे जिने मुद्दाम सावकाश उतरावेत. लिफ्ट चढण्यापुरती वापरली तरी चालेल. परंतु अति श्रमानंतर असह्य वेदना, कमालीचा अशक्तपणा किंवा काळ्या चहासारखी लघवी झाल्यास घरी थांबू नये. फुटलेल्या स्नायूपेशींतील मायोग्लोबिन मूत्रपिंडे निकामी करू शकते. अशा वेळी वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांवरचा ताण वाढवू शकतात, म्हणून त्या स्वतःहून न घेता थेट रुग्णालय गाठावे.