शेजारधर्माचा रविवार

कॅथलिक ख्रिस्ती उपासनेच्या वार्षिक पंचांगात ख्रिस्तराजाच्या सणाआधीचा रविवार, म्हणजे बहुधा नोव्हेंबरच्या मध्यावर येणारा रविवार, २०१७ पासून 'जागतिक गरीब दिन' म्हणून पाळला जातो. करुणेच्या जयंतीवर्षाची, म्हणजे करुणेला वाहिलेल्या विशेष पवित्र वर्षाची, सांगता करताना नोव्हेंबर २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या दिवसाची घोषणा केली, आणि १९ नोव्हेंबर २०१७ रोजी पहिला गरीब दिन पाळला गेला तेव्हा मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची सामुदायिक उपासना, आटोपल्यावर पोप स्वतः सुमारे दीड हजार गरिबांबरोबर जेवायला बसले. त्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामाने, म्हणजे एका चर्चभोवती एकत्र आलेल्या भाविकांच्या समाजाने, आपल्या परिसरातील गरजूंसाठी श्रमाची आणि सहवासाची काही सेवा करावी अशी अपेक्षा आहे. अपेक्षा सोपी वाटते, पण दोनतीनशे स्वयंसेवक एका सकाळी चर्चच्या अंगणात जमले आणि कोणी कोठे जायचे हेच ठरलेले नसले, तर दुपारपर्यंत अन्नाची पाकिटे आणि जुने कपडे वाटून मंडळी घरी परततात, आणि ज्यांना खरी निकड होती ती घरे बहुतेक वेळा वाटेवर लागलेलीच नसतात.

ही अडचण ख्रिस्ती समाजाइतकीच जुनी आहे. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीची हकीकत येते, ती अशी की रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या आणि त्यांच्या बाजूने कुरकूर सुरू झाली. अन्न पुरेसे होते आणि देणाऱ्यांची इच्छाही होती. भाषेने वेगळ्या पडलेल्या बायका तेवढ्या वाटपातून सुटत होत्या. तेव्हा प्रेषितांनी विश्वासू अशा सात जणांना याच कामासाठी नेमले. चर्चमधील 'डीकन', म्हणजे सेवेसाठी दीक्षा दिलेला सेवक, या पदाचे मूळ परंपरेने याच घटनेत शोधले जाते. ख्रिस्ती सेवाकार्यातली पहिली नेमणूक एका सदोष वाटपाच्या दुरुस्तीसाठी झाली, ही गोष्ट सेवादिन आखणाऱ्या प्रत्येक समितीने पहिल्याच बैठकीत आठवावी इतकी मोलाची आहे.

पुढे १६१७ साली पूर्व फ्रान्समधील शातियाँ या लहानशा गावी हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. तेथे नव्याने आलेले धर्मगुरू व्हिन्सेंट द पॉल यांना रविवारच्या मिस्सापूर्वी कळले की गावाबाहेरच्या एका घरात सगळीच माणसे आजारी असून शुश्रूषेला कोणी नाही. त्यांनी प्रवचनात ही गोष्ट सांगितली आणि दुपारी ते स्वतः तिकडे निघाले, तेव्हा अन्न घेऊन जाणाऱ्या आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या गावकऱ्यांनी वाट फुलून गेली होती. एका दिवसात त्या घरी इतके अन्न पोहोचले की त्यातले बरेचसे नासणार आणि आठवड्याने पुन्हा उपासमार होणार, हे व्हिन्सेंट यांच्या ध्यानात आले. गावात दयेला तोटा नव्हता, घडी मात्र बसलेली नव्हती, असा बोध त्यांनी घेतला. गावातील काही स्त्रियांना एकत्र करून त्यांनी प्रत्येकीचा दिवस ठरवून दिला आणि त्याच वर्षी त्या मंडळासाठी लेखी नियम तयार केले. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या अवघ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह जी संस्था सुरू केली, तिने व्हिन्सेंट यांचेच नाव घेतले. सभासदांनी दोघादोघांच्या जोडीने गरिबांच्या घरी जाऊन भेट घ्यायची, ही तिची मुख्य रीत आहे. 'सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी' या नावाने तिच्या शाखा आज मुंबई-वसईच्या अनेक धर्मग्रामांत काम करतात, त्यामुळे सेवादिन आखणाऱ्यांना या परिसरात शून्यापासून आरंभ करावा लागत नाही.

वसईचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या देखरेखीखालील प्रदेश, १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. किनाऱ्यालगतच्या वाड्या, नालासोपारा-विरारच्या चाळी आणि इमारती, आणि पूर्वेकडे जव्हार-मोखाड्यापर्यंतचे आदिवासी पाडे अशी तीन निरनिराळी जगे या मुलखात शेजारी शेजारी नांदतात. येथे 'गरजू शेजारी' हा शब्द उच्चारला की पहिल्यांदा झोपडी डोळ्यांपुढे येते, पण वाडीतल्या जुन्या ऐसपैस घरात, मुले परदेशी स्थायिक झाल्यामुळे, एकटी राहणारी वृद्ध स्त्रीही तितकीच गरजू असू शकते. तिला पैसा नको असतो, महिन्याची औषधे आणून देणारा आणि बँकेत सोबत येणारा माणूस हवा असतो. पुष्कळ धर्मग्रामांत शेजारची वीसतीस कुटुंबे मिळून 'लहान ख्रिस्ती समूह' केलेले असतात, आणि ही घरे शोधून काढण्याचे काम त्यांच्याइतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही, कारण कोणत्या घरी संध्याकाळी दिवा उशिरा लागतो हे आळीतल्या माणसालाच ठाऊक असते. तरीही समूहाची नजर सहसा चर्चला येणाऱ्या कुटुंबांपुरती पोहोचते. म्हणून अंगणवाडी सेविका, आशा सेविका, शाळेतील शिक्षक आणि रेशन दुकानदार यांच्याशी बोलल्याशिवाय गरजू घरांची यादी पुरी झाली असे मानू नये.

यादीसाठी किमान सहा आठवडे द्यावे लागतात. प्रत्येक घरी दोघांनी जावे, त्यात शक्यतो एक स्त्री असावी, आणि काय हवे हे घरच्या माणसांनाच विचारावे. आपल्या मनाने ठरवलेली मदत पुष्कळदा चुकते. घोंगडी घेऊन गेलेल्यांना कळते की छपराची ताडपत्री फाटलेली आहे, आणि धान्य घेऊन गेलेल्यांना कळते की घरात धान्य आहे पण गॅसची टाकी भरायला पैसे नाहीत. ताडपत्रीची गरज नोव्हेंबरात सांगितली तरी ती मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर भागवायची असते, म्हणून अशा नोंदींचा वेगळा कागद करून तो सांभाळून ठेवावा लागतो.

नोव्हेंबर महिन्याला या भागात आणखी एक अर्थ आहे. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर मजुरीसाठी खाली उतरतात. बहुतेकांनी मालकाकडून 'उचल', म्हणजे हंगामाआधी आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि पाऊस सुरू होईपर्यंत ती विटा पाडून फेडायची असते. कातकरी समाजाचा समावेश केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केलेला आहे. ही माणसे भट्टीलगतच्या झोपड्यांत राहतात, त्यांचे रेशनकार्ड गावी नोंदलेले असते आणि मुलांची शाळा मागे राहिलेली असते. 'एक देश एक रेशनकार्ड' या योजनेप्रमाणे आधारशी जोडलेल्या कार्डावर दुसऱ्या ठिकाणच्या दुकानातूनही धान्य घेता येते, पण ही सोय ठाऊक नसल्याने किंवा अंगठ्याचा ठसा यंत्रावर जुळत नसल्याने ती वापरली जात नाही. भट्टीवर जाऊन खिचडी वाढणाऱ्या गटाला प्रत्येक कुटुंबामागे दहा मिनिटे पुरतात, तर कार्ड जवळच्या दुकानात चालू करून देणाऱ्या गटाला अर्धा दिवस लागतो, पण त्या अर्ध्या दिवसाने सहा महिन्यांच्या धान्याची वाट मोकळी होते. सेवादिनाच्या बेतात या दुसऱ्या गटाला पहिले स्थान मिळायला हवे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

कागदपत्रांची सेवा दिखाऊ नसते, तिच्यात थकवा असतो, आणि म्हणूनच ती मागे पडते. महाराष्ट्रात पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे, आणि त्याहून कमी वयाच्या विधवा, दिव्यांग, परित्यक्ता आणि दुर्धर आजाराने ग्रासलेल्या निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दोन्हींचे मासिक अनुदान २०२३ मध्ये एक हजारावरून १५०० रुपये करण्यात आले. उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे वर्षाला २१,००० रुपये आहे, आणि वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला व महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा जोडून अर्ज तहसील कार्यालयाकडे जातो. एकदा अनुदान सुरू झाले तरी दरवर्षी हयातीचा दाखला, म्हणजे लाभार्थी जिवंत असल्याचे प्रमाणपत्र, द्यावा लागतो, आणि तो वेळेवर न दिल्याने जिवंत माणसाचे पैसे थांबल्याची तक्रार खेड्यापाड्यांत वारंवार ऐकू येते. धर्मग्रामातील निवृत्त कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी यांना श्रमदानाच्या दिवशी कुदळ हाती देण्याऐवजी एका टेबलामागे बसवले, शेजारी झेरॉक्सची सोय केली आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी हाच गट पाठवला, तर त्यांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाचे चीज होते. रविवारी कचेरी बंद असते, त्यामुळे त्या दिवशी अर्ज भरून तयार होतो. सोमवारी तो घेऊन तहसीलला कोण जाणार, त्याचे नाव अर्जाच्या वहीत आधीच लिहिलेले असले पाहिजे.

आरोग्य शिबिराचेही तसेच आहे. रक्तदाब आणि साखर तपासणे सोपे आहे, पण मोतीबिंदू सापडल्यावर शस्त्रक्रियेची तारीख देणारे रुग्णालय आधीच ठरलेले नसेल, तर त्या तपासणीने माणसाच्या मनाला फक्त घोर लागतो. शिजवलेल्या अन्नाबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा साधा दंडक पाळावा: ते गरम ठेवता येत नसेल तर दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर राहू देऊ नये. चर्चच्या अंगणात सकाळी सातला भरलेली पाकिटे दुपारी एकला पाड्यावर पोहोचत असतील, तर कोरडा शिधा देणेच बरे.

ख्रिस्ती समाजाने केलेल्या सेवेकडे आपल्या देशात काही वेळा धर्मांतराच्या शंकेने पाहिले जाते. या शंकेचे उत्तर भाषणात देण्यापेक्षा कामाच्या रीतीतच द्यावे. आपत्तीतील मदतकार्यासाठी १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि इतर संस्थांनी मिळून जी आचारसंहिता केली, तिच्या पुरस्कर्त्यांत कॅथलिक चर्चची कारितास आणि प्रामुख्याने प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चांची जागतिक परिषद या दोन्ही होत्या. मदत केवळ गरज पाहून द्यावी आणि कोणत्याही राजकीय अथवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी तिचा वापर करू नये, हे तिच्यातील मूळ तत्त्व आहे. म्हणून शिध्याच्या पिशवीत पत्रके घालू नयेत, नोंदवहीत धर्म आणि जात यांचे रकानेच नसावेत, आणि मंदिराचे विश्वस्त किंवा मशिदीची समिती त्याच वस्तीत काम करत असेल तर त्यांना आधी भेटावे. छायाचित्रांविषयीही समितीने ठाम असावे. मदत घेणाऱ्या माणसाचा, विशेषतः मुलांचा, चेहरा कोणाच्याही मोबाइलवर जाता कामा नये, कारण भर चौकात पिशवी घेतल्याची लाज पिशवी रिकामी झाल्यावरही मागे उरते. मुलांबरोबर काम करणारा स्वयंसेवक कधीही एकटा नसावा.

मराठी मुलखाला ख्रिस्ती सेवेच्या संदर्भात पंडिता रमाबाईंचे उदाहरण परके नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात आसरा दिला. तेथे अन्नाबरोबर विणकाम, शेती आणि छपाईसारखी कामे शिकवली गेली, म्हणजे उपकाराची जागा हळूहळू हाताच्या कौशल्याने घेतली. एका दिवसाच्या उपक्रमाला इतका पल्ला गाठता येणार नाही, पण त्या दिवशी पाड्यावरच्या शिवणकाम येणाऱ्या बाईला पुढच्या महिन्याचे काम मिळवून देता आले, तर रमाबाईंच्या वाटेवरचे एक पाऊल तेथे पडलेले असते.

पैशाचा हिशेब नंतरच्या रविवारी चर्चच्या फलकावर लावावा, एवढे त्या विषयावर पुरे. अधिक लक्ष घरभेटींच्या फेऱ्यांकडे द्यावे, कारण सेवादिनाचा गाभा त्यातच आहे. शातियाँच्या स्त्रियांसाठी व्हिन्सेंट यांनी लिहिलेले नियम चारशे वर्षांनंतर वाचतानाही थक्क करतात. जेवण घेऊन आलेल्या बाईने रुग्णाला आनंदाने नमस्कार करावा, पलंगावर छोटे मेज मांडून त्यावर कापड, वाटी, चमचा आणि पाव ठेवावा, रुग्णाचे हात धुवावेत, प्रार्थना म्हणावी, लागल्यास मांसाचे तुकडे करून द्यावेत आणि दोन शब्द धीराचे बोलावेत. त्यापुढे असे सांगितले आहे की ज्याच्याजवळ घरचे कोणी आहे त्याच्याकडे आधी जावे आणि जो एकटा आहे त्याच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येते. वसईत फेरीचा कागद तयार करणारे बहुधा अंतर पाहून घरांचा क्रम लावतात आणि रिक्षाचे भाडे वाचवतात. तो क्रम एकदा मोडून, वाडीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या वृद्धेचे घर, ते चर्चच्या अगदी जवळ असले तरी, कागदावर सर्वांत खाली लिहावे लागते, कारण त्यानंतर त्या जोडीला कोणाकडेही जायचे नसते.