लाँचर, लॅब्रडॉर आणि मांबलमचं तळं

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड आहे. त्यावर उभं राहून कुठेही बघितलं तरी तळं दिसत नाही. 1923 मध्ये इथलं लांबलचक तळं बुजवायला घेतलं आणि त्या जमिनीवर त्यागराय नगर, म्हणजे आजचं टी. नगर वसलं. इंग्रज त्याला लाँग टँक म्हणत. रस्त्याचं नाव तेवढं मागे राहिलं.

आमची जाई रोज पहाटे याच रस्त्याने चालते. दारोदारच्या ताज्या रांगोळ्या चुकवत, अयोध्या मंडपापर्यंत आणि परत. ती लॅब्रडॉर आहे, तळं नसलेल्या रस्त्यावरची पाण्याची कुत्री. पायाच्या बोटांमध्ये पातळ पडदे, मुळाशी जाड आणि पाणमांजरासारखी शेपूट, अंगावर दुहेरी केस. आतला थर दाट आणि मऊ, वरचा राठ, पाणी अंगाला लागू न देणारा. तिचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर थंड समुद्रात उतरत, सुटलेली मासळी नि जाळ्यांचे दोर ओढून आणत. तिथून ती जात इंग्लंडला गेली, बंदुकीने पाडलेलं बदक किंवा तितर शोधून आणायला जमीनदारांनी तिला जोपासलं आणि 1903 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. पक्ष्याला दात न लावता, अलगद तोंडात धरून मालकाच्या हातात द्यायचा, ही या कुत्र्यांची खरी विद्या. रिट्रीव्हर हे नावही त्यावरूनच पडलं.

ही विद्या शिकवायला रोज पक्षी कुठून आणणार? म्हणून डमी आली. कॅनव्हासची, भुसा किंवा तसंच काही भरलेली, लहान लोडासारखी पिशवी. नेहमीच्या डमीचं वजन साधारण अर्धा किलो. हाताने जोर लावून फेकली तरी ती तीस-पस्तीस मीटरच्या पुढे सहसा जात नाही. शिकारीत मात्र पक्षी त्याहून बराच लांब पडू शकतो, आणि पडण्याआधी बार होतो. बार आणि अंतर या दोन्ही गोष्टी एकत्र देण्यासाठी डमी लाँचर घडला.

यंत्र साधं आहे. एका मुठीला जोडलेली पोलादी नळी. डमीच्या पोटात पोकळ नळकांडं असतं, ते या नळीवर सरकवायचं. तळाशी .22 चं काडतूस बसतं, गोळी नसलेलं, नुसत्या बाराचं. मुठीमागची कळ स्प्रिंगविरुद्ध ओढून सोडली की घोडा काडतुसावर आपटतो, बार उडतो, त्याचा वायू नळीतून डमीच्या पोटात शिरतो आणि डमी सुटते. काडतुसांची ताकद त्यांच्या रंगावरून कळते. डमी नळीवर पूर्ण दाबली की लांब जाते, थोडी वर ठेवली की जवळ पडते. जोरदार काडतूस असेल तर सत्तर-ऐंशी मीटर सहज. दणका हाताला चांगलाच बसतो, त्यामुळे हात सरळ, यंत्र वर तिरकं, कानाला संरक्षण, आणि समोर माणूस किंवा जनावर असता कामा नये. ब्रिटनमध्ये टर्नर रिचर्ड्स या कंपनीचा लाँचर अशा कुत्र्यांच्या प्रशिक्षकांत फार ओळखीचा आहे.

हे यंत्र पाहिलं की डमी किती लांब गेली यावरच सगळ्यांचं लक्ष जातं. खरं बघावं ते कुत्र्याकडे. बार होतो, डमी आकाशात चढते, कुत्र्याचे पुढचे पंजे थरथरतात, पार्श्वभाग जमिनीपासून बोटभर उचलला जातो आणि पुन्हा टेकतो. मान डमीबरोबर वळते. डमी गवतात पडते ती जागा त्याने डोळ्यांत साठवायची असते. याला प्रशिक्षक ‘मार्क’ म्हणतात. आणि मालकाने नाव घेईपर्यंत जागेवरून हलायचं नाही. सगळं शिक्षण त्या चार-पाच सेकंदांत आहे. धावणं त्याला आईच्या पोटातूनच येतं, थांबणं माणसाने शिकवावं लागतं.

म्हणून जाणते प्रशिक्षक लाँचर फार उशिरा काढतात. पिलाला आधी गुंडाळलेला मोजा, मग छोटी डमी, मग बसून राहण्याची तालीम, मग खूप लांबून ऐकवलेला बार, तोही जेवणाच्या किंवा खेळाच्या आनंदात. पहिल्याच दिवशी कानाशी बार केला तर कुत्रं आयुष्यभरासाठी आवाजाला बिचकू शकतं. अतिवापराचाही तोटा आहे. लाँचरची डमी दर वेळी मालकाच्या हातूनच सुटते, त्यामुळे कुत्रं मैदान वाचायचं सोडून हाताच्या रोखाकडेच बघायला लागतं. आणि दर बाराला धावायला मिळालं की ते बारालाच ‘सुट’ समजतं, हुकमाची वाट बघत नाही. त्यावर जुना, खात्रीचा उपाय आहे: कुत्र्याला बसवून ठेवायचं आणि बऱ्याच डम्या स्वतः चालत जाऊन उचलायच्या.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता शिकारीचा प्रश्न उरला नाही, आणि ते योग्यच झालं. पण लॅब्रडॉरची ही ओढ वाया गेली नाही. ती श्वान पथकांत कामाला लागली. बॉम्ब किंवा ढिगाऱ्याखालचं माणूस शोधणाऱ्या कुत्र्याला जगभर अनेक ठिकाणी बक्षीस म्हणून चेंडूच मिळतो. चेंडूसाठी जीव टाकणारं कुत्रं तासन्‌तास वास घेत राहतं. मराठी वाचकांना झंजीर आठवेल. पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला, मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रडॉर. 1993 च्या मुंबईतल्या स्फोटांनंतर त्याने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधून दिल्याची नोंद आहे. 16 नोव्हेंबर 2000 रोजी तो गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. चेन्नईजवळ अरक्कोणमला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची चौथी बटालियन आहे. याच दलाची ज्यूली आणि रोमिओ ही लॅब्रडॉर कुत्री फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर शोधकामाला गेली होती. तिथे सहा वर्षांच्या एका मुलीचा ठाव त्यांनीच लावला. एवढ्या मोठ्या कामाच्या मुळाशी ‘आण’ हा एका शब्दाचा खेळ आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग वेस्ट मांबलममधल्या दोन खोल्यांत लाँचरचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: इथे बाराचा लाँचर नको. घराला घर लागलेलं, गल्लीत मुलं, म्हातारी माणसं, भटकी कुत्री, गाई. शिवाय बाराच्या वस्तूंना शस्त्र कायद्याचे नियम लागू शकतात, पोलिसांना विचारल्याशिवाय त्या मागवूच नयेत. आम्ही स्टेशनजवळच्या एका शिंप्याकडून जाड ताडपत्रीची पिशवी शिवून घेतली, आत जुने कपडे कोंबले, एका टोकाला हातभर दोरी बांधली. दोरी धरून गरगर फिरवून सोडली की मोकळ्या मैदानात जाईला पुरेल इतकी लांब जाते. पिशवी पांढरी ठेवली, कारण कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याला ठळक दिसणारी लाल डमी त्याच्या डोळ्यांना गवतातच मिसळलेली दिसते.

बाकी पथ्यं चेन्नईची हवा ठरवते. इथे दुहेरी केसांच्या कुत्र्याला ऊन चढल्यावर पळवणं धोक्याचं आहे. आम्ही सूर्य वर यायच्या आत घरी असतो, पाणी बरोबर असतं, आणि जीभ रुंद होऊन बाजूला लोंबायला लागली की खेळ तिथेच बंद. बेझंट नगरच्या किनाऱ्यावर जायचा मोह होतो, पण जानेवारी ते मार्च तिथे ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात. त्या दिवसांत कुत्रं मोकळं सोडूच नये. आणि खाऊ हात राखून द्या. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी (POMC) नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, त्यामुळे त्यांची भूक अधिक आणि वजन चटकन वाढणारं असतं. गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर प्रेमाने मिळणारा इडलीचा तुकडा त्यांना महागात पडतो.

घरी लॅब्रडॉर असेल तर यंत्र शोधण्याआधी एक महिना एवढंच करून बघा. पहाटे, बंदिस्त मैदानात पाच वेळा डमी फेका. तीन वेळा त्याला आणू द्या. दोन वेळा त्याला बसवून ठेवा आणि तुम्ही स्वतः जाऊन घेऊन या.