प्रतिष्ठा विषयाची की कामाची?

एखाद्या कामाचे मोल कशावरून ठरवावे? ते काम ज्या विषयाशी निगडित आहे त्याच्या थोरवीवरून, की ते काम किती निष्ठेने आणि किती उत्तम रीतीने झाले आहे त्यावरून? या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समधील राजाश्रित कला अकादमीने नियमातच बांधून टाकले होते. १६४८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचा एक विद्वान आंद्रे फेलिबियँ याने १६६७ मधील व्याख्यानांच्या प्रस्तावनेत चित्रांची उतरंड मांडली. पुराण, धर्म व इतिहासातील प्रसंग रंगविणारा चित्रकार सर्वांत वर. त्याच्याखाली व्यक्तिचित्रे करणारा. त्याखाली प्राणी व निसर्गदृश्ये. आणि फळे, फुले, भांडी अशा निर्जीव वस्तू रंगविणारा तळाशी. ही उतरंड केवळ अभिरुचीची नव्हती. अकादमीतील प्राध्यापकपदे व त्यापुढील अधिकार इतिहासचित्रकारांसाठीच राखीव असत. वर्गवारीतूनच मानधन, मान आणि संधी यांची वाटणी होत असे.

या व्यवस्थेत झां बातिस्त सिमेआँ शार्दँ हा चित्रकार अगदी तळाच्या पायरीवरून आला. त्याचा जन्म पॅरिस येथे १६९९ मध्ये झाला. वडील सुतारकाम करीत. बिलियर्डची टेबले बनविण्यात त्यांचा हातखंडा होता. प्राचीन वाङ्मयाचे शिक्षण शार्दँला लाभले नाही आणि त्या काळी आवश्यक मानला जाणारा रोमचा प्रवासही त्याने कधी केला नाही. १७२८ मध्ये त्याने अकादमीपुढे ठेवलेल्या चित्रांत एक होते पाकटाचे. पोट चिरून आकड्याला टांगलेला तो मासा, कालवांवर पाय रोवून अंग फुलवलेले मांजर, सुरी आणि मातीचे भांडे. विषय किळसवाणा, परंतु मांसाची ओल आणि कातडीची चमक यांत इतके सत्य होते की, अकादमीने त्याला त्याच दिवशी सभासद करून घेतले. सभासदत्व मिळाले ते मात्र ‘प्राणी व फळे यांचा चित्रकार’ म्हणून. शिक्का असा एकदा बसला की सहसा पुसला जात नाही.

पुढील पन्नास वर्षे शार्दँने स्वयंपाकघर सोडले नाही असे म्हटले तरी चालेल. तांब्याची पाण्याची टाकी, मातीचा बुधला, लसणाचे गड्डे, पाण्याने भरलेला पेला एवढ्यावर त्याचे भागत असे. मध्यंतरी त्याने मोलकरणी, मुलांना जेवणापूर्वीची प्रार्थना शिकविणारी आई, पत्त्यांचा मनोरा रचणारा मुलगा अशी गृहजीवनातील चित्रे काढली. त्यांतील दोन १७४० मध्ये पंधराव्या लुईला नजर करण्यात आली. या चित्रांवरून छापलेली तांब्याच्या पत्र्यावरील कोरीव चित्रे, मूळ चित्र विकत घेणे ज्यांना परवडत नसे, अशा लोकांच्या घरांतही पोहोचली. चित्र रंगवायला तो फार वेळ घेई. एकच वस्तू पुनःपुन्हा समोर मांडून, तिच्यावरचा प्रकाश शेजारच्या वस्तूवर कसा परावर्तित होतो, हे तो पाहत बसे. प्रख्यात विचारवंत दिदरो याने १७६० नंतरच्या प्रदर्शनांवर लिहिताना या रंगांच्या किमयेपुढे हात टेकले. जवळून पाहावे तर नुसते रंगाचे थर, आणि चार पावले मागे सरावे तर वस्तू साकार होते, हे त्याचे निरीक्षण आजही पडताळता येते.

अकादमीने त्याची एक वेगळी योग्यताही ओळखली होती. आधीच्या व्यवहारांत गोंधळ माजल्यावर १७५५ मध्ये तिने त्याला खजिनदार नेमले आणि एकोणीस वर्षे त्याने पत्नीच्या साहाय्याने हिशेब चोख ठेवले. दर दोन वर्षांनी भरणाऱ्या सालोँ प्रदर्शनात कोणाचे चित्र कोठे टांगावे, हे नाजूक आणि वैर ओढवून घेणारे कामही त्याच्याकडेच होते. म्हणजे थोर विषयांच्या चित्रकारांना भिंतीवर जागा देणारा आणि संस्थेचा पैसा सांभाळणारा माणूस, स्वतः मात्र कनिष्ठ वर्गातला! आपल्या मुलाला त्याने इतिहासचित्राच्या वाटेनेच घातले होते. मुलाने १७५४ मध्ये रोमच्या शिष्यवृत्तीचे पारितोषिकही मिळविले. पण त्या वाटेवर त्याला यश आले नाही आणि व्हेनिस येथे बुडून त्याचा अंत झाला.

वृद्धपणी डोळे अधू झाल्यावर शार्दँने तैलरंगांऐवजी पेस्टलचे खडू हाती घेतले. याच काळात, १७७४ मध्ये, राजाच्या इमारती व कलाविभागाचा प्रमुख म्हणून दांजिव्हिये आला. राष्ट्राच्या उत्थानासाठी इतिहासचित्रच हवे, असे त्याचे धोरण होते. १७७८ मध्ये शार्दँने केलेली वेतनवाढीची विनंती त्याने फेटाळली. त्यासाठी दिलेले कारण अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने मननात घ्यावे असे आहे. शार्दँचे परिश्रम इतरांएवढे मानले, तरी थोर विषय हाताळणाऱ्या सहकाऱ्यांइतका खर्च आणि वेळ त्याच्या अभ्यासाला कधीच लागलेला नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. खर्च जास्त म्हणून मूल्य जास्त, हे समीकरण एका ऐंशीच्या घरातील कलावंताला कागदोपत्री ऐकविले गेले. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १७७९ रोजी, तो निवर्तला.

त्यानंतर सुमारे अर्धशतक त्याची चित्रे उपेक्षित राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गोंकूर बंधूंच्या लेखणीने त्यांच्याकडे लक्ष वेधले. १८६९ मध्ये ला काझ या संग्राहकाने आपला संग्रह लूव्रला दिला आणि शार्दँची अनेक चित्रे सार्वजनिक झाली. मातिसने तरुणपणी लूव्रमध्ये बसून त्या पाकटाची नक्कल केली. दांजिव्हियेने मोठ्या खर्चाने काढवून घेतलेल्या किती इतिहासचित्रांसमोर आज प्रेक्षक थबकतो?

मार्च २०२२ मध्ये शार्दँचे ‘रानस्ट्रॉबेरीची टोपली’ हे १७६१ चे चित्र पॅरिसच्या लिलावात २ कोटी ४४ लाख युरोंना गेले. चित्रात काय आहे? लाल फळांची रास, पाण्याचा पेला, दोन पांढरी फुले, एक पीच आणि दोन चेरी. ते परदेशी जाऊ नये म्हणून फ्रान्सने त्याला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. पुढे एका मोठ्या उद्योगसमूहाच्या देणगीबरोबर हजारो सामान्य नागरिकांच्या लहानमोठ्या देणग्यांतून, २०२४ मध्ये, लूव्रने ते मिळविले. बाजारातला हा आकडा म्हणजे शार्दँचा विजय, असे मात्र मानू नये. लिलावाची बोली दुर्मिळतेवर आणि श्रीमंतांच्या चढाओढीवर अवलंबून असते. ती काल कमी होती, उद्या पुन्हा उतरेल. चित्रातला पाण्याचा पेला १७६१ मध्ये जितका सुंदर होता तितकाच आजही आहे. खरी दखल घ्यायची ती त्या हजारो नागरिकांची. त्यांनी वर्गवारीही पाहिली नाही आणि खर्चाचा ताळेबंदही मागितला नाही. एक पेला पाणी आणि टोपलीभर फळे आपल्या सर्वांची राहावीत, एवढ्यासाठी त्यांनी खिशात हात घातला.