लांब पल्ल्याचा विमानप्रवास : घड्याळाचे तास आणि शरीराचे तास

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून थेट विमानास साधारण १६ तास लागतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची वेळ भारतीय वेळेपेक्षा साडेनऊ तासांनी मागे असते. त्यामुळे रात्री १ वाजता मुंबईहून निघालेला प्रवासी त्याच तारखेस सकाळी साडेसातच्या सुमारास तेथे उतरतो. घड्याळानुसार साडेसहा तासच गेलेले दिसतात. शरीराने मात्र पूर्ण १६ तास एका आसनावर काढलेले असतात. प्रवासाची तयारी करताना हा फरक आपण लक्षात घ्यावा.

पायांतील रक्ताची गुठळी
चालताना पोटरीचे स्नायू रक्त हृदयाकडे ढकलतात. दीर्घकाळ बसून राहिल्यास रक्तप्रवाह मंदावतो व शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात गेल्यास जिवास धोका संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर हा धोका सुमारे दुपटीने वाढतो. तरीही प्रत्यक्ष प्रमाण सुमारे ६,००० प्रवाशांत एक इतके अल्प आहे. म्हणून घाबरू नये. परंतु काळजी अवश्य घ्यावी.

• जागे असताना दर एक-दोन तासांनी उठून चालावे. बसल्या जागी घोटे व पावले हलवत राहावीत.
• पुरेसे पाणी प्यावे, मद्यपान टाळावे, सैल कपडे घालावेत.
• पूर्वी गुठळी झालेल्या, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, गर्भवती किंवा कर्करुग्ण व्यक्तींनी प्रवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये.

औषधांच्या वेळा
पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, तर परतताना तो आखूड होतो. केवळ स्थानिक घड्याळ पाहून औषध घेतल्यास दोन मात्रांमधील अंतर चुकते. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत त्यामुळे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू किंवा वाढू शकते. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून जाण्या-येण्याचे वेळापत्रक लिहून घ्यावे. इन्सुलिन व नेहमीची औषधे चिठ्ठीसह हातातील पिशवीतच ठेवावीत. विमानाच्या सामानकक्षात इन्सुलिन गोठून निकामी होण्याची शक्यता असते.

घरातील वडीलधारी व्यक्ती एकटी जाणार असल्यास हे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून सोबत द्यावे व उतरवून घेणाऱ्या नातेवाइकांनाही कळवावे.

पोहोचल्यानंतर
एका पायास सूज, वेदना किंवा उष्णता जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे ही तातडीची लक्षणे होत. भारतात असल्यास ११२ या क्रमांकावर त्वरित संपर्क साधावा. ही लक्षणे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही उद्भवू शकतात. म्हणून आपण केलेल्या विमानप्रवासाची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.