समोरच्याचं ऐकणारा नट

मायेचा प्रवेश करून दाखवा म्हटलं की हौशी नट बहुधा निरोपाचा, मृत्यूशय्येचा नाहीतर कबुलीचा प्रसंग उचलतो. आवाज भरून येतो, हात पुढे होतात, शेवटी हुंदका. असे प्रवेश पाहताना मला सतत वाटत राहतं, की समोरचं माणूस कुठे गेलं? ज्याच्यावर एवढी माया आहे ते त्या तीन-चार मिनिटांत एकदाही जाणवत नाही. दिसतो तो एकटा नट. सुरतेत जन्मलेल्या एका नटाने पंचवीस वर्षांच्या कामातून या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. हरिहर जरीवाला, म्हणजेच संजीवकुमार. जन्म ९ जुलै १९३८, मृत्यू ६ नोव्हेंबर १९८५. सुरत महापालिकेने पालच्या बाजूला बांधलेलं नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

मराठी माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटायला हवं, कारण आपल्याकडे ते १९११ पासून लिहून ठेवलेलं आहे. पुण्यात शिक्षक असलेल्या शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकरांनी, ब्राउनिंगच्या एकमुखी कविता वाचल्या आणि त्यातून मराठीत नाट्यछटा आणली. अशा एक्कावन्न नाट्यछटा त्यांनी लिहिल्या. बोलणारं पात्र एकच. समोरचा काय म्हणाला, कुठे हसला, कधी तोंड फिरवलं, हे सगळं बोलणाऱ्याच्या उत्तरातून आणि मधल्या टिंबांतून कळतं. नाट्यछटेचा अर्धा जीव त्या टिंबांत असतो. स्पर्धांतून मुलं नाट्यछटा करतात तेव्हा नेमकी टिंबंच गिळली जातात, पाठ केलेलं भाषण एका दमात संपतं. याचं मला फार वाईट वाटतं. उत्तर ऐकायला नट थांबतच नसेल, तर समोर कुणी बसलं आहे यावर प्रेक्षकांनी का विश्वास ठेवावा?

सुरतेचाच आणखी एक माणूस इथे आठवतो. चंद्रवदन मेहता, जन्म १९०१. गुजराती रंगभूमीवर पुरुषांनीच स्त्रिया रंगवायच्या, या प्रथेविरुद्ध त्यांनी उघड आवाज उठवला. आपल्याकडे बालगंधर्व आणि त्यांच्याकडे जयशंकर ‘सुंदरी’ लोकांच्या मनावर राज्य करत होते, तो हा काळ. रेल्वे कामगारांच्या आयुष्यावरचं त्यांचं ‘आगगाडी’ हे नाटक गुजराती रंगभूमीला नवं वळण देणारं मानतात. त्याच सुमारास त्यांनी ‘इलाकाव्यो’ लिहिली. भाऊ-बहिणीच्या मायेच्या या कविता नाटकासाठी लिहिलेल्या नाहीत. पण प्रियकर-प्रेयसी सोडूनही मायेचं बोलणं असतं आणि त्याला स्वतःची भाषा लागते, हे एका नाटककाराला तेव्हा उमगलेलं होतं.

हरिहर सुरतेतून मुंबईला गेला आणि इप्टाच्या नाटकांत शिरला. बावीस वर्षांच्या या पोराला आर्थर मिलरच्या ‘ऑल माय सन्स’च्या रूपांतरात म्हाताऱ्याचं काम मिळालं. दुसऱ्या वर्षी ए. के. हंगल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘डमरू’त तो सहा मुलांचा साठीतला बाप झाला. या दोन भूमिकांना मी फार महत्त्व देतो. मिलरच्या नाटकात सदोष माल विकून वैमानिकांच्या मृत्यूला कारण झालेला बाप ‘हे घरासाठीच केलं’ या समजुतीला चिकटून बसतो. घरावरच्या मायेने माणूस कुठवर घसरतो, याचं ते नाटक आहे. संसार न केलेल्या तरुण नटाला अशा घरात वावरायचं, तर स्वतःच्या आठवणी कामाला येत नाहीत. आजूबाजूच्या पात्रांकडे बघत, त्यांचं ऐकत तो म्हातारा उभा करावा लागतो. ती सवय संजीवकुमारांना आयुष्यभर पुरली.

त्या सवयीचं सर्वांत मोठं फळ म्हणजे गुलजार यांचा ‘कोशिश’ (१९७२). हरिचरण आणि आरती दोघंही ऐकू-बोलू न शकणारे. म्हणजे नटाचं मुख्य हत्यारच काढून घेतलेलं. पहिलं बाळ त्यांच्या हातून गेलं आहे, कारण त्याचा आवाज आईबापांच्या कानांपर्यंत पोचू शकत नव्हता. मग दुसरं बाळ येतं. त्याला ऐकू येतं का, हे पाहायला बाप त्याच्याजवळ खुळखुळा वाजवतो. बाळ वळत नाही. आपल्यासारखंच निघालं, या भीतीने दोघं कासावीस होतात. नंतर कळतं की खुळखुळ्यात दाणेच नाहीत. तो वाजत नाही, हे वाजवणाऱ्यांना ऐकूच येत नव्हतं.

मायेच्या प्रवेशाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक नटाने हा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावा. स्वतःच्या दुःखाकडे हरिचरणचं लक्षच नाही. डोळे बाळाच्या मानेवर खिळलेले, ती जराशी वळते का याची वाट पाहणारे. त्या वाट पाहण्यातच सगळी माया आली. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी ‘दस्तक’साठीही मिळाला होता.

याच काळात एक विलक्षण योग जुळला. ‘परिचय’मध्ये ते जया भादुरींचे वडील होते, ‘कोशिश’मध्ये नवरा, ‘अनामिका’त प्रियकर आणि १९७५च्या ‘शोले’त सासरे. दोघांच्या वयात अंतर फक्त दहा वर्षांचं. तरी नातं बदललं की त्यांची नजर बदलते, दोघांमधली जागा बदलते. ‘शोले’तला ठाकूर विधवा सुनेच्या लग्नाची गोष्ट तिच्या वडिलांपाशी काढतो, तो प्रसंग मला हाणामारीच्या सगळ्या प्रसंगांपेक्षा मोठा वाटतो. ठाकूरला हात नाहीत. खांद्यावर हात ठेवणं, हात जोडणं, डोळे पुसणं यांतलं काहीच नटाला करता येत नाही. ज्या मुलीबद्दल बोलणं चाललं आहे तिच्यावरच्या मायेला फक्त आवाजाची आणि मानेची वाट उरते.

‘आँधी’ही त्याच वर्षी आला आणि त्याने त्यांना फिल्मफेअर मिळवून दिलं. ‘मौसम’मधल्या डॉक्टरची गोष्ट त्याहून अवघड. वेश्यावस्तीत सापडलेल्या तरुणीला तो घरी आणतो. तिच्या आईवर आपण एकेकाळी प्रेम केलं होतं हे त्याला माहीत आहे, तिला नाही. त्याची काळजी तिला पुरुषाची ओढ वाटू लागते. म्हणजे प्रत्येक वाक्य एका अर्थाने बोललं जातं आणि दुसऱ्या अर्थाने ऐकलं जातं. समोरच्याने काय ऐकलं हे ज्याला कळत नाही, त्या नटाने या प्रसंगाला हात लावू नये.

मराठी रंगभूमीवरही हाच काळ भरभरून आला होता. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आलं. त्यातली डॉ. श्रीराम लागूंची स्वगतं लोकांना पाठ आहेत, निवडचाचण्यांत आजही तीच ऐकू येतात. माझ्या मते खरी कसोटी आहे आप्पा आणि कावेरीच्या साध्या बोलण्यात, तो तिला ‘सरकार’ म्हणतो तिथे. त्या एका हाकेत चाळीसेक वर्षांचा संसार ऐकू आला नाही, तर नंतरच्या स्वगतांचा नुसता आवाज उरतो. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तले नाना-नानी तर चुकून लागलेल्या फोनवरच्या अनोळखी माणसाशीही गप्पांना आसुसलेले असतात.

सुरतेच्या मराठी मुलांना शिकायला पुस्तकाबाहेरही बरंच आहे. तापी खोऱ्याच्या रेल्वेने खानदेशातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं इथल्या यंत्रमागांवर आणि गिरण्यांत आली, उधना-लिंबायतमध्ये वसली. महापालिकेच्या मराठी शाळाही इथे आहेत. पाळी संपल्यावर गावी केलेला फोन जवळ उभं राहून ऐकला, तर आपल्या कानावर एकच बाजू पडते: पाऊस झाला का, कापसाचं काय, गुडघ्याला तेल लावतेस ना, पैसे पाठवतो. मायेचा शब्दही नाही. ‘पाऊस झाला का?’ या प्रश्नानंतर पाच सेकंद शांतता असते, त्या वेळात तिकडे आई बोलत असते. नट होऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी असा फोन रंगमंचावर करावा. त्या पाच सेकंदांत आई काय म्हणाली ते आधी कागदावर लिहून काढावं, पाठ करावं आणि मग प्रेक्षकांना त्यातला एक शब्दही न सांगता प्रवेश करावा.