जुन्या पद्मिनीचे ब्रेक ऑइल कुठून गळते?

प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. परंतु कुर्ल्याच्या कारखान्यातील ही गाडी हौशी मालकांनी आजही जपून ठेवली आहे. तिचे काम जाणणाऱ्या मिस्त्रींसाठी ही हलाल रोजीची चांगली संधी आहे. या गाड्यांत ब्रेक ऑइल कमी होण्याची तक्रार नेहमीची. डबी भरून गाडी परत देणे सोपे असते. पण जुन्या मॉडेलांत एकाच मास्टर सिलिंडरमधून चारही चाकांच्या ड्रम ब्रेकना दाब जातो. एका जागची गळती वाढली तर चारही ब्रेक एकदम जातात.

प्रथम गळणारे तेल कोणते ते ओळखावे. त्याचा थेंब पाण्यात टाकावा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते, गिअर ऑइल वर तरंगते. मागच्या चाकाशी ओल दिसली म्हणून सिलिंडर बदलला आणि दोष ॲक्सलच्या ऑइल सीलचा निघाला, तर गिऱ्हाइकाचे पैसे फुकट जातात.

मग सर्व जोड पुसून कोरडे करावेत आणि शागिर्दाला पायडल जोरात दाबून धरायला सांगावे. चाकामागची प्लेट ओली झाली तर व्हील सिलिंडर पाहावा. पायडलजवळ ओल असेल तर मास्टर सिलिंडर पाहावा. रबरी होज फुगतो का, पाइपाच्या जोडाशी थेंब येतो का, हेही तपासावे. बाहेर कुठेच ओल नाही, तरी पायडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतला रबरी कप दाब सोडत असतो.

उभ्या गाडीत हा दोष अधिक का, तेही समजून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. त्याने सिलिंडर आतून गंजतो, खड्डे पडतात आणि रबर कापले जाते. खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसते नवे किट घालणे व्यर्थ, तो बदलावाच. रबर पेट्रोल किंवा रॉकेलने कधीही धुऊ नये, ते फुगते. स्वच्छ ब्रेक ऑइलच वापरावे. तांब्याचे वॉशर नवे घालावेत, फुटलेल्या पाइपाला डाग देऊ नये. तेलाने भिजलेले लायनर त्याच ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून हवा मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे.

शेवटी हवा काढताना सर्वांत दूरच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करावी व डबी रिकामी होऊ देऊ नये. निघालेले तेल परत ओतू नये. नवे डॉट ३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. उकळलेल्या तेलात वाफ होते आणि घाटात पायडल खाली बसते.

काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्यावा व दोष दाखवावा. मालक खर्चाला तयार नसेल, तर गाडी रस्त्यावर नेण्याजोगी नाही, असे स्पष्ट सांगावे. मजुरी एक दिवस बुडेल. परंतु गिऱ्हाईक आपल्या घरच्यांचा जीव आपल्याकडे अमानत म्हणून सोपवतो, हे आपण विसरता कामा नये. ऐब न लपवता केलेल्या धंद्यातच बरकत आहे.